एज्ड केअरमध्ये एकटेच फार्मासिस्ट आहात? मग आपला छोटा ग्रुप असा उभा करा

ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२४ पासून एज्ड केअर होममध्ये (वृद्धांच्या निवासी केंद्रात) ऑन-साइट, म्हणजे तिथेच बसून काम करणारा, फार्मासिस्ट ठेवायला सरकारी पैसे मिळायला लागले आणि आपले मराठी फार्मासिस्टही या कामाकडे वळतायत, कोणी मेलबर्न-सिडनीत, कोणी पार लांबच्या गावात जिथून मोठं हॉस्पिटल दोन तासांवर आहे. काम चांगलं आहे, मी तर म्हणेन फार्मसीतलं सगळ्यात समाधानाचं काम आहे, पण जॉइन होताना एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती म्हणजे त्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये फार्मासिस्ट तुम्ही एकटेच असता. दुकानात शंका आली तर शेजारी कोणीतरी असतं, हॉस्पिटलात तर टीमच असते. इथं नर्स आहेत, केअरर आहेत, मॅनेजर आहे, जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर त्यांच्या ठरलेल्या दिवशी येऊन जातात, सगळी चांगली माणसं, पण "मला हा डोस जास्त वाटतोय, तुला काय वाटतं?" असं विचारायला आपल्या कामातलं कोणी नाही.

त्यात हिशोब असा आहे की २५० बेडला एक फुलटाइम फार्मासिस्ट, म्हणजे ५० बेडमागे आठवड्याचा एक दिवस. १०० बेडच्या होमला दोन दिवस. त्यामुळे पूर्ण आठवडा भरायचा तर दोन-तीन होम्स धरावी लागतात, आणि मग कुठल्याच ठिकाणी आपण पूर्णपणे तिथले होत नाही, टी रूममध्ये सगळ्यांची नावं पाठ होईपर्यंत रोस्टर बदललेला असतो.

आणि आपल्याला तिथं पाठवलंय कशासाठी तेही बघा. २०१८ मध्ये एज्ड केअरवर रॉयल कमिशन (सरकारने नेमलेला चौकशी आयोग) बसलं, ऑक्टोबर २०१९ च्या त्यांच्या अंतरिम रिपोर्टचं नावच 'नेग्लेक्ट' म्हणजे हेळसांड, आणि त्यात म्हाताऱ्या माणसांना गप्प ठेवायला औषधं दिली जातात यावर स्पष्ट बोट ठेवलं. मार्च २०२१ ला अंतिम रिपोर्ट आला, १४८ शिफारसी. म्हणजे आपलं काम मुळात चालत आलेल्या गोष्टींवर "हे अजून हवंय का?" असं विचारायचं. रोज, प्रत्येक चार्टवर, आणि बऱ्याचदा ज्यांना तो प्रश्न नको असतो त्यांनाच. हे एकट्याने वर्षानुवर्षं करता येत नाही, एक तर माणूस थकून प्रश्न विचारणं सोडतो नाहीतर कडवट होतो, आणि दोन्हीत नुकसान त्या खोलीतल्या आजी-आजोबांचं होतं. म्हणून ग्रुप हवा. वेळ मिळाला तर बघू म्हणून नाही, औषधांच्या सुरक्षेचाच भाग म्हणून हवा.

माणसं कुठली घ्यायची

चार ते सहा, बास. पंचवीस जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला की एक ना धड भाराभर चिंध्या, कोणी बोलत नाही, कोणी फक्त वेबिनारच्या लिंका टाकतं. चार-सहा जणांत गप्प बसलेला माणूस लगेच दिसतो आणि तेच तर हवंय.

सगळे एकाच साच्यातले नकोत. एखादी व्यक्ती जुनी आरएमएमआर (होममधल्या लोकांच्या औषधांचा आढावा) वाली हवी, जिने योजना यायच्या आधीपासून होममध्ये जाऊन रिव्ह्यू केलेत, तिला कुठल्या जीपीशी कसं बोलायचं हे अंगवळणी पडलेलं असतं. एखादा हॉस्पिटलच्या जेरिअ‍ॅट्रिक वॉर्डातला असला तर सोन्याहून पिवळं, डिस्चार्ज समरीमध्ये जे लिहिलेलं नसतं ते तो सांगू शकतो. आणि एक तरी अगदी नवीन माणूस घ्याच, कारण नवीन माणूस जे प्रश्न विचारतो ते आपण विचारायचे सोडून दिलेले असतात.

कोणाला घेऊ नये? तुमचा बॉस, तुम्ही ज्यांचे बॉस आहात ते, आणि त्याच होमच्या सप्लायसाठी तुमच्याशी स्पर्धा करणाऱ्या फार्मसीतला माणूस. माणूस कितीही चांगला असो, त्याच्यासमोर तुम्ही मोकळेपणी बोलणार नाही.

शोधायचं कुठे, तर ज्यांच्याबरोबर क्रेडेन्शियलचं म्हणजे या कामाच्या पात्रतेचं ट्रेनिंग केलं ते लोक, फार्मास्युटिकल सोसायटी म्हणजे पीएसएचे कार्यक्रम, शेजारच्या गावातलं होम. सगळे मराठीच हवेत असा हट्ट अजिबात धरू नका, ग्रुप कामाचा आहे, त्यात इराणी, व्हिएतनामी, गोरे ऑसी सगळे चालतात आणि उलट बरंच शिकायला मिळतं. मात्र त्याच्या जोडीला एक मराठी मैत्रीण किंवा मित्र फोनवर असू द्या, का ते खाली सांगते.

पहिल्याच मीटिंगला ठरवायच्या गोष्टी

प्रायव्हसी सगळ्यात आधी. रेसिडेंटचं, म्हणजे होममध्ये राहणाऱ्या माणसाचं, नाव नाही, खोली नंबर नाही, होमचं नाव नाही, वय सांगायचं तर "ऐंशीच्या पुढच्या" एवढंच. चाळीस बेडच्या गावातल्या होममध्ये "निवृत्त शाळामास्तर, पार्किन्सन्स, मुलगी पर्थला" एवढं म्हटलं तरी अर्धं गाव ओळखेल, तेव्हा गोष्टीतला जो तपशील औषधाच्या प्रश्नाला लागत नाही तो काढूनच टाकायचा किंवा बदलायचा. आणि चार्टचा फोटो कधीही, कुठल्याही अ‍ॅपवर टाकायचा नाही, नाव खोडून पण नाही. याबाबतीत मी अजिबात ऐकून घेत नाही कारण फोटो एकदा गेला की परत येत नाही.

दुसरं, पैशाचं बोलणं बंद. कोण किती रेट लावतं, कुठल्या होमचं कॉन्ट्रॅक्ट कधी संपतंय, सप्लायसाठी कोण काय ऑफर करतंय, यातलं काहीच नाही. वेगवेगळ्या फार्मस्यांची माणसं एकत्र बसून असं बोलायला लागली तर ते स्पर्धेच्या कायद्यात अडकू शकतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ग्रुपमधला विश्वास संपतो.

तिसरं, इथं मिळतो तो विचार, निर्णय नाही. ग्रुपने काहीही म्हटलं तरी शिफारस लिहिणार तुम्ही, सही तुमची, जबाबदारी तुमची. "माझ्या ग्रुपने सांगितलं" असं जीपीला कधी म्हणायचं नाही, संदर्भ वाचून स्वतःची खात्री करूनच लिहायचं.

या तीन गोष्टी एका पानावर लिहून सगळ्यांना पाठवा, नवीन माणूस आला की त्यालाही. बाकी नियम जास्त करू नका.

केस कशी मांडायची

खरा जीव इथंच आहे. दर मीटिंगला एक, फार तर दोन केसेस. मांडणाऱ्याने पाच मिनिटांत सांगायचं: काय चाललंय, मला काय खटकतंय, मी काय करून पाहिलं, आणि मला तुमच्याकडून काय हवंय. हे शेवटचं फार महत्त्वाचं. कधी उत्तर हवं असतं, कधी "मी बरोबर विचार करतेय ना" एवढंच हवं असतं, आणि कधी फक्त कोणीतरी ऐकून घ्यायला हवं असतं. हे आधी सांगितलं नाही तर चार हुशार लोक चार सल्ले घेऊन तुटून पडतात आणि मांडणारा आणखी एकटा पडतो.

त्यानंतरची दहा मिनिटं फक्त प्रश्न. सल्ला नाही. "अगं तू मॅग्नेशियम बघितलंस का" हा प्रश्नाच्या वेषातला सल्ला आहे, तोही नाही. खरे प्रश्न म्हणजे हे औषध सुरू कोणी केलं आणि तेव्हा काय चाललं होतं, रात्रपाळीची नर्स काय म्हणते, घरच्यांना कशाची भीती वाटते, थांबवलं तर लक्ष कोण ठेवणार.

उदाहरण घेऊ, हे मी बनवलेलं आहे पण कुठल्याही होममध्ये सापडेल. आजींना स्मृतिभ्रंशावर डोनेपेझिल चालू आहे. मग लघवीवर ताबा राहीना म्हणून ऑक्सिब्युटिनिन सुरू झालं. मग बद्धकोष्ठ झालं म्हणून लॅक्सेटिव्ह, गोंधळ वाढला, रात्री ओरडायला लागल्या म्हणून शांत करणारं रिस्पेरिडोन. प्रत्येक औषध सुरू करताना कोणीतरी चांगल्या हेतूनेच केलंय आणि पानं वेगवेगळ्या महिन्यांची आहेत म्हणून साखळी कोणाला दिसत नाही. फार्मासिस्टला दिसते: पहिल्या औषधाचा त्रास दुसऱ्याने झाकायचा प्रयत्न, आणि ती दोन औषधं तर एकमेकांच्या विरुद्धच काम करतात. औषधशास्त्र सोपं आहे, ग्रुप त्यासाठी लागत नाही. ग्रुप लागतो तो पुढच्यासाठी. जीपी म्हणतात स्पेशालिस्टने लिहिलंय मी हात लावणार नाही. रात्रीची नर्स म्हणते रिस्पेरिडोन काढलंत तर आम्ही दोघी जणी रात्र कशी काढायची. मुलगा म्हणतो आई आत्ता कुठे शांत झालीय, तिला छेडू नका. आणि इकडे अल्झायमरमधल्या अशा वागण्यासाठी रिस्पेरिडोनला १२ आठवड्यांची मर्यादा आहे आणि ते आठवडे कधीच उलटून गेलेत.

अशा वेळी ग्रुपमधलं कोणीतरी विचारतं, सगळं एकदम कशाला, आधी ऑक्सिब्युटिनिनच का नको? त्याला स्पेशालिस्टची परवानगी लागणार नाही कदाचित. आणि नर्सला काय देतेस बदल्यात, म्हणजे रात्री ओरडणं नक्की किती वाजता, त्याआधी काय होतं, दुखत असेल का, याचा आठवडाभराचा चार्ट तिच्याबरोबर बसून बनवतेस का? मुलाशी बोलताना "औषध बंद" असं न म्हणता "डोस थोडा कमी करून दोन आठवडे बघूया, त्रास वाढला तर परत पूर्वीसारखं" असं म्हटलं तर? हे कुठल्याही गाइडलाइनमध्ये या शब्दांत मिळत नाही. हे ज्याने केलंय त्याच्याकडूनच मिळतं.

अशाच केसेस वारंवार येतील. पार्किन्सन्सच्या लेव्होडोपाची वेळ आणि ड्रग राउंडची म्हणजे औषधं वाटायच्या फेरीची वेळ जुळत नाही, गोळी तासभर उशिरा मिळाली की माणूस ताठरतो आणि चार्टवर मात्र सगळं 'दिलं' असंच दिसतं. शुक्रवारी संध्याकाळी हॉस्पिटलातून परत आलेल्या माणसाची यादी जुन्या यादीशी जुळत नाही. ब्लड प्रेशरच्या गोळीबरोबर पाणी काढायची गोळी आणि वर दुखण्यावर नेप्रोक्सेन, किडनी बिचारी काय करणार. नऊ किंवा जास्त औषधं चालू असलेल्या लोकांची टक्केवारी १ जुलै २०२१ पासून क्वालिटी इंडिकेटर (दर्जाचं सरकारी माप) म्हणून दर तिमाहीला मोजली जाते, त्यामुळे मॅनेजर आकडा खाली आणा म्हणून मागे लागतात, आणि आकड्यासाठी औषध काढायचं की माणसासाठी यावर एक पूर्ण मीटिंग घाला, वाया जाणार नाही.

एक अवघड विषय मुद्दाम सांगते कारण तो ग्रुपशिवाय बोलताच येत नाही. बरेच ऑन-साइट फार्मासिस्ट कम्युनिटी फार्मसीमार्फत नेमलेले असतात आणि बऱ्याचदा तीच फार्मसी होमला औषधं पुरवते. मग वेबस्टर-पॅकमध्ये (वार आणि वेळेनुसार गोळ्या भरलेल्या पॅकमध्ये) चुकीची गोळी सापडली तर ती चूक आपल्याच मालकाची. लिहायची तर आहेच, होमच्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या मेडिकेशन अ‍ॅडव्हायझरी कमिटीसमोर ठेवायची तर आहेच, यात दुमत नाही, पण कशी ठेवायची, मालकाला आधी फोन करायचा का, काय शब्द वापरायचे, हे आधी ग्रुपमध्ये म्हणून बघा. मोठ्याने म्हणून बघा म्हणजे खरोखर म्हणा, समोरचा मॅनेजर होईल, तुम्ही तुम्हीच. दोनदा केलं की आवाज स्थिर होतो.

जीपीला फोन करायचीही अशीच रंगीत तालीम घ्या. आपल्यापैकी जे भारतात शिकले त्यांना डॉक्टरांना नुसत्या नावाने हाक मारून "मला वाटतं हे बदलावं" असं म्हणणं सुरुवातीला फार जड जातं, तिकडे आपण 'सर'च्या पुढे कधी गेलो नाही. इथे त्याची सवय करावी लागते आणि ती सवय आपल्या लोकांसमोर करणं केव्हाही बरं.

मन हलकं करायची जागा

एज्ड केअरमध्ये माणसं जातात. आपण एखाद्या आजोबांचे तीन महिने डोस जुळवतो, झोप सुधारते, एक दिवस ते आपल्याला बघून हात हलवतात, आणि पुढच्या आठवड्यात लिस्ट उघडली तर नाव नसतं. नर्सना हँडओव्हरमध्ये कळतं, घरच्यांना फोन जातो, फार्मासिस्टला मात्र पॅक कॅन्सल झाल्याच्या नोंदीतून कळतं. कोणी मुद्दाम करत नाही, पण लागतं. म्हणून मीटिंगची पहिली पाच-सात मिनिटं यासाठी ठेवा, या महिन्यात कोण गेलं, ज्याला सांगायचंय त्याने सांगावं, बाकीच्यांनी उपाय सुचवू नयेत. होमच्या मॅनेजरलाही सांगून ठेवा की कोणी गेलं की नर्सना जातो तो मेसेज मलाही पाठवा, साधी गोष्ट आहे, मागितली की मिळते.

आता मराठी मित्राचा फोन का म्हटलं ते. दिवसभर दुसऱ्यांच्या आई-वडिलांच्या गोळ्या मोजायच्या आणि आपले आई-बाबा सातारा-नाशिकला एकटे, त्यांच्या गोळ्यांचा डबा शेजारच्या काकू भरतायत, हे फार खोलवर टोचतं आणि ते इंग्रजीत धड सांगताही येत नाही. "तिकडे लोकांची सेवा करतेस आणि इथे आईला बघायला कोण" असं एखादी आत्या सहज बोलून जाते. हे ज्याच्या घरी चाललंय त्यालाच कळतं. त्यासाठी मीटिंग नको, अजेंडा नको, घरी जाताना गाडीत स्पीकरवर वीस मिनिटं बोलणारं एक माणूस हवं, आणि त्यालाही तुमच्याशी तसंच बोलता यायला हवं.

ग्रुपने कुठे थांबायचं

काही गोष्टी ग्रुपच्या नाहीत आणि त्या वेळीच ओळखायला हव्यात. काही गंभीर घडलं, चुकीच्या औषधाने कोणाला इजा झाली, तर आधी माणसाची काळजी, मग होमची प्रक्रिया. १ एप्रिल २०२१ पासून सिरियस इन्सिडंट रिस्पॉन्स स्कीम (गंभीर घटना कळवायची सरकारी योजना) आहे, प्रायॉरिटी १ म्हणजे सगळ्यात गंभीर घटना होमने २४ तासांत सरकारी नियामकाला कळवायची असते. त्यानंतर तुमच्या इन्डेम्निटी (व्यावसायिक विमा) वाल्यांना फोन, बहुतेकांची पीडीएल नावाची संस्था असते आणि तिथे बोलणारे स्वतः फार्मासिस्ट असतात. चौकशी चालू असेपर्यंत त्या घटनेचा तपशील ग्रुपमध्ये मांडू नका. "माझ्याकडे एक इन्सिडंट झालाय, मी ठीक नाहीये" एवढं मात्र जरूर सांगा, ग्रुपने तपशील न विचारता सोबत करावी.

दुसरं, एखादा सोबती ढासळतोय असं दिसलं तर. झोप नाही, सारखा रडू येतं म्हणतो, कॅमेरा बंद ठेवतो, दोनदा आला नाही. त्याला वेगळा फोन करा, ग्रुपसमोर नाही. जीपीकडे जा म्हणा, बरोबर येऊ का विचारा. फार्मासिस्ट्स सपोर्ट सर्व्हिस नावाची हेल्पलाइन आहे, १३०० २४४ ९१०, रोज सकाळी ८ ते रात्री ११, फोनवर फार्मसीतलेच स्वयंसेवक असतात आणि आपलं नाव सांगावं लागत नाही. जीवाला धोका वाटत असेल तर लाइफलाइन १३ ११ १४, आणि तातडीचं असेल तर सरळ ०००.

आपल्या लोकांच्या मनात एक भीती घट्ट बसलेली आहे की डिप्रेशन आहे म्हटलं तर रजिस्ट्रेशन जाईल, मग व्हिसाचं काय. त्या भीतीने माणसं तोंड दाबून सोसत राहतात. वस्तुस्थिती अशी की सहकाऱ्याबद्दल आप्राला (आपलं रजिस्ट्रेशन बघणाऱ्या संस्थेला) कळवणं बंधनकारक होतं ते ठराविक गोष्टींसाठी: नशेत काम करणं, कामात लैंगिक गैरवर्तन, लोकांना मोठ्या इजेचा धोका होईल इतकी बिघडलेली तब्येत, किंवा लोकांना धोक्यात टाकणारं अगदी चुकीचं काम. ताण आहे, उपचार घेतोय, गोळी चालू आहे, रजा घेतलीय, एवढ्याने ती वेळ येत नाही. उलट वेळेत उपचार घेतलेला फार्मासिस्टच सुरक्षित. हे नवीन आलेल्या प्रत्येकाला ग्रुपमध्ये मोकळेपणी सांगा, कोणी विचारायची वाट बघू नका.

टिकवायचं कसं

महिन्यातून एकदा, एक तास, ठरलेला वार. शुक्रवार संध्याकाळ घेऊ नका, डिस्चार्जची गर्दी असते. पर्थचं कोणी असेल तर लक्षात ठेवा, मेलबर्न-सिडनीपेक्षा तिकडचं घड्याळ दोन तास मागे आणि इकडे उन्हाळ्यात घड्याळं पुढे गेली की तीन. मीटिंग चालवायचं काम आळीपाळीने, नाहीतर एकाच उत्साही माणसावर पडतं आणि तो दमला की सगळं बंद. कोणी आलं नाही तर त्याच रात्री "बरं आहे ना?" असा मेसेज, जाब विचारायला नाही, खरंच बरं आहे ना म्हणून. केसमधून शिकलेली गोष्ट दोन ओळींत एका शीटवर लिहून ठेवा, रेसिडेंटबद्दल काहीही नाही, फक्त शिकलेलं, सीपीडीच्या (कामात असताना चालू ठेवायच्या शिक्षणाच्या) नोंदीसाठीही ते उपयोगी पडतं.

आणि हा तास कामाच्या वेळेत मागा. मॅनेजरला किंवा फार्मसीच्या मालकाला सरळ लिहा की इथे मी एकटीच फार्मासिस्ट आहे, माझ्या शिफारशी दुसऱ्या फार्मासिस्टच्या नजरेखालून जाव्यात म्हणून महिन्याला एक तास हवा, रेसिडेंटची ओळख पटेल अशी कुठलीही माहिती बाहेर जाणार नाही. काही जण नाही म्हणतील, मग रात्री घ्या, पण सहा महिन्यांनी परत विचारा, तोपर्यंत दाखवायला दोन-चार चांगले बदल हातात असतील.

सुरुवात करायला सहा माणसं जमायची वाट बघू नका, दोघं पुरतात. ट्रेनिंगच्या वेळची एखादी मैत्रीण आठवत असेल तर तिला असा मेसेज टाका: "अगं, मी पण आता ऑन-साइट करतेय, एकटीच आहे तिथे. गुरुवारी साडेसातला अर्धा तास बोलूया का? माझ्याकडे एक केस आहे, तुझ्याकडची पण एक आण, नावं वगैरे काढून."